बंडी, तांडा आणि वेणेकाठची काळी जमीन : कमी श्रमांत जास्त ओझे कोण वाहत असे?

१/
रेल्वे आली आणि बंजाऱ्यांचे तांडे मागे पडले, असे एका वाक्यात सांगण्याची रीत आहे. वाक्य खोटे नाही. पण त्यातून असा ग्रह होतो की पाठीवर गोणी लादलेला बैल हे मुळातच श्रम वाया घालवणारे साधन होते आणि चाकापुढे त्याला हटावेच लागले. चाक तर या देशात हजारो वर्षे होते. मग विदर्भाचे धान्य आणि कापूस शतकानुशतके चाकाऐवजी बैलांच्या पाठीवरून का गेले? या थ्रेडमध्ये त्याचा हिशेब मांडला आहे.

२/
आधी भूमी पाहू. नागपूरच्या नैर्ऋत्येस, वेणा नदीच्या काठी हिंगणा वसले आहे. आज हे नाव एमआयडीसीमुळे सर्वांना ठाऊक आहे. हीच वेणा पुढे हिंगणघाटाजवळून वाहत जाऊन वर्धा नदीला मिळते. हिंगणघाट ही कापसाची नामांकित पेठ. या पट्ट्यातला शेतकरी जमीन एका नावाने ओळखत नाही. काळी, मोरंड, खरडी, बरडी अशा तिच्या जाती तो सांगतो. यांतली काळी जमीन कापसाला सर्वोत्तम. पण ती भिजली की चाक गिळते आणि वाळली की भेगाळून खडबडीत होते. प्रस्तुत कथेत या मातीला मोठी भूमिका आहे.

३/
आता थोडे विज्ञान. चालताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार किंचित वर उचलला जातो आणि पुन्हा खाली सोडला जातो. या उचल-सोडीतच पुष्कळ ऊर्जा खर्च होते. सपाट, टणक वाटेवर माणसाला एक किलो वजन एक किलोमीटर नेण्यास सुमारे अर्धी किलोकॅलरी लागते. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला किलोमीटरमागे तीसेक. तोच माणूस चांगल्या रस्त्यावर सायकलवर बसला की हा खर्च चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो. चाक भार उचलून ठेवते आणि पुढे सरकू देते. मात्र अट एकच : खालची जमीन टणक हवी.

४/
जिथे जमीन टणक नाही तिथे काय होते, याचे उत्तर बर्फाळ देशांनी फार पूर्वी शोधले. भुसभुशीत हिमात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. प्रत्येक पाऊल उपसून काढावे लागते. म्हणून उत्तर युरोपातील लोकांनी पायांना लांब लाकडी फळ्या बांधल्या. त्या म्हणजे स्की. फळीमुळे भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो, पाय रुतत नाही आणि प्रत्येक ढकलीमागे काही अंतर घसरत फुकट मिळते. जुन्या स्कींच्या प्रतिकृती वापरून झालेल्या प्रयोगांत असे आढळले की सुमारे दीड हजार वर्षांत स्कीवरील प्रवासाचा ऊर्जाखर्च जवळपास निम्म्यावर आला.

५/
या फरकाचे प्रसिद्ध उदाहरण दक्षिण ध्रुवावरचे आहे. नॉर्वेचा आमुंडसेन स्की आणि कुत्र्यांच्या बळावर १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोहोचला. इंग्रज स्कॉटची तुकडी स्वतः घसरगाड्या ओढत १७ जानेवारी १९१२ रोजी पोहोचली. स्कॉटच्या पाच जणांपैकी चौघे स्कीवर होते. पाचव्याचे, बॉवर्सचे, स्की मागे ठेवलेले असल्याने तो अखेरच्या टप्प्यात पायी चालला. एकच हिम, एकच ओझे, पण प्रत्येक पावलाला त्याला अधिक किंमत मोजावी लागली. परतीच्या वाटेवर पाचही जण मरण पावले. अंगातून जाणारी ऊर्जा पोटात जाणाऱ्या अन्नाहून कितीतरी जास्त होती, हे त्यामागचे एक मोठे कारण.

६/
त्याच मोहिमेतून आणखी एक धडा मिळतो. स्कॉटने तट्टे नेली होती. त्यांचे खूर हिमात रुतत. शिवाय त्या वाटेवर गवताचे पातेही नव्हते, त्यामुळे त्यांचा सारा चारा वाहून न्यावा लागला. अखेर ती तट्टे वाटेतच मारावी लागली. तेव्हा कोणत्याही वाहतुकीला दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला : खालची जमीन पायाला किंवा चाकाला किती साथ देते? दुसरा : ओढणाऱ्याचा चारा येतो कोठून? हेच दोन प्रश्न घेऊन आता वेणेकाठी परत येऊ.

७/
पहिला प्रश्न. बैलगाडीला विदर्भात बंडी म्हणतात. समजा बंडीचे वजन अडीचशे किलो आणि तिच्यात साडेसातशे किलो माल. एकूण एक हजार किलो. तीनशे किलोचा बैल दिवसभर टिकेल अशा बेताने आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका जोर लावू शकतो. म्हणजे जोडीचा जोर साठ किलो. टणक, सपाट सडकेवर हजार किलोची गाडी चालती ठेवण्यास सुमारे तीस किलोचा जोर पुरतो. जोडी आरामात चालते. तेच दोन बैल पाठीवर मिळून अडीचशे ते तीनशे किलोच वाहतील. सडकेवर बंडी अडीच ते तीन पटींनी सरस ठरते.

८/
आता सडक काढून टाका. खडबडीत मातीच्या वाटेवर हाच रोध दुप्पट होतो, म्हणजे जोडीची सारी ताकद लागते. ओल्या काळ्या जमिनीत तो हजार किलोमागे दीडशे-दोनशे किलोपर्यंत जातो. तेथे बंडी हलतच नाही. चाके तुंब्यापर्यंत रुततात, माल उतरवावा लागतो. जुन्या गाड्यांची चाके पुष्कळदा भरीव लाकडाची आणि जड असत. ती तर स्वतःच्याच भाराने बुडत. आरे असलेले हलके चाक आणि त्यावरची लोखंडी धाव ही सुधारणा खरी, पण अरुंद धावही मऊ मातीत सुरीसारखी उतरते.

९/
चढाचा हिशेब याहून कठोर आहे. दहा हातांवर एक हात चढणाऱ्या वाटेवर हजार किलोच्या बंडीला केवळ चढासाठी शंभर किलोचा जादा जोर हवा. नाल्याचा तुटका काठ, नदीचा उतार, घाटाची पायवाट, प्रत्येक ठिकाणी बंडी अडते. लादणीचा बैल मात्र फक्त स्वतःला आणि पाठीवरच्या गोण्यांना वर नेतो, वाकडी वाट धरतो, खुरांनी दगड चाचपतो. कोकणात उतरणाऱ्या बोरघाटात गाड्यांना योग्य असा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. तोवर देशावरून मुंबईकडे जाणारा माल घाटात बैलांच्या पाठीवरच असे.

१०/
या बैलांच्या तांड्यांचे आकार आज अविश्वसनीय वाटतात. इंग्रज व्यापारी पीटर मंडी याला १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याकडे जाताना धान्य लादलेल्या चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक मजल हे लोक मारत नसत, असे त्याने नोंदवले. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांच्या काफिल्यांचे वर्णन केले आहे. असा काफिला समोरून आला की प्रवाशाला तो संपेपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबावे लागे. गाड्यांचे काफिले याच्या तुलनेत लहान, शे-दोनशे गाड्यांचे.

११/
आता दुसरा प्रश्न, चाऱ्याचा. तीनशे किलोच्या बैलाला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा लागतो. मंडीने पाहिलेल्या तांड्याला म्हणजे रोज नव्वद टनांच्या आसपास. बैलाच्या पाठीवर सव्वाशे ते दीडशे किलो माल. तो बैल पाठीवरचेच खाऊ लागला, तर वीस-पंचवीस दिवसांत गोणी रिकामी होईल. नागपूर ते गंगेकाठचे मिर्झापूर हे अंतर साडेसहाशे-सातशे किलोमीटर; तांड्याच्या चालीने दोन महिन्यांहून अधिक. स्वतःचा चारा वाहून नेणारा बैल तेथवर कधीच माल पोहोचवू शकला नसता.

१२/
म्हणून तांडा सावकाश चाले. त्या मंद गतीमागे नेमका हिशेब होता. दिवसाचा थोडा भाग चाल, उरलेला वेळ चराई. वाटेच्या दोहो बाजूंचे गवत, पडीक रान, जंगलाची कडा हाच तांड्याचा इंधनसाठा होता. त्यासाठी पैसा मोजावा लागत नसे किंवा अत्यल्प लागे. गाडीचा बैल सडक सोडून रानात पसरू शकत नाही. त्याला मुक्कामी कडबा घालावा लागतो. शिवाय गाडीमागे एक गाडीवान हवाच, तर तांड्यात एक माणूस अनेक बैल हाकी. पुढच्या बैलाच्या घंटेमागे बाकीचे चालत. बंडी ऊर्जा वाचवत होती. तांडा मिळेल तेथून फुकट ऊर्जा गोळा करत होता. तोलायला लागलो तर दोन्ही बाजू समजल्या पाहिजेत.

१३/
चाऱ्याचे हे महत्त्व बंजारा समाजाच्या स्मृतीतही जपले गेले आहे. शाहजहानचा वजीर आसफखान याच्या दख्खन मोहिमेत, १६३० च्या सुमारास, भंगी आणि जंगी या नायकांचे तांडे रसद पुरवत होते, असे परंपरा सांगते. त्यांना ताम्रपटावर काही सवलती मिळाल्या, अशी कथा आहे. त्यांतल्या दोन लक्षणीय आहेत : घरातल्या रांजणाचे पाणी आणि छपराचे गवत घेण्याची मुभा. कथा शब्दशः खरी माना अथवा न माना. बादशहाकडे काय मागावे हे त्या नायकांना नेमके ठाऊक होते, एवढे तिच्यातून दिसते. त्यांनी इंधन मागितले.

१४/
कार्यक्षमतेचा आणखी एक पैलू : परतीचा माल. एका बाजूने भरून जाऊन दुसऱ्या बाजूने रिकामे यायचे, तर प्रत्येक गोणीमागे चाल दुप्पट होते. तांडे देशावरून धान्य नेत आणि किनाऱ्याकडून मीठ आणत. लमाण हे नाव लवण या शब्दावरून आले, असे मानले जाते. मीठ ही प्रत्येक घराला लागणारी आणि मोजक्याच ठिकाणी पिकणारी वस्तू असल्याने परतीची पाठ रिकामी राहत नसे.

१५/
युद्धात तर राज्यांचे भवितव्य या पाठींवर तोलले जाई. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेची भिस्त बंजाऱ्यांच्या धान्यावर होती. असई (२३ सप्टेंबर), अडगाव (२९ नोव्हेंबर) आणि गाविलगड (१५ डिसेंबर) अशा लढतींनंतर १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि नागपूरकर रघूजी भोसले दुसरे यांना कटक व वऱ्हाडचा काही मुलूख गमवावा लागला. तोफांचे वर्णन इतिहासात सविस्तर येते. त्या तोफांमागच्या पोटांना धान्य पोहोचवणाऱ्या तांड्यांचा उल्लेख क्वचित येतो. बंजारे सहसा दोन्ही पक्षांना माल विकत आणि दोन्ही सैन्ये त्यांना शक्यतो त्रास देत नसत, कारण उद्या गरज आपलीच असे.

१६/
या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा झाकू नयेत. पावसाळ्यात नद्या अडवत आणि काळी माती पायही धरे. तेव्हा तांडे चांगले कुरण पाहून मुक्काम करत. मोठी मर्यादा दुष्काळाची. पाऊस पडला नाही की पीक जाते, आणि त्याच वेळी गवतही जाते. म्हणजे धान्याची गरज सर्वाधिक असते त्याच वर्षी धान्य वाहणारा बैल उपाशी मरतो. १६३०-३२ च्या दख्खन-गुजरातच्या भीषण दुष्काळाची छाया मंडीच्या प्रवासवर्णनावर पडलेली आहे. गवतावर चालणाऱ्या वाहतुकीचा हा मूळ दोष होता आणि नायकाचे कसब त्यावर मात करू शकत नव्हते.

१७/
कापूस हा दुसरा अडथळा. धान्य जड आणि आटोपशीर. कापूस हलका पण फुगीर. लादणीच्या बैलावर तो सैल गाठोड्यांत जाई. दोन महिने धूळ खाऊन, अवकाळी पावसात भिजून तो मिर्झापूरला पोहोचे तेव्हा मळलेला आणि वजन-प्रत बदललेला असे. धान्य आठ दिवस उशिरा आले तर चालत होते. परदेशी गिरणीला मात्र ठरावीक वेळी, ठरावीक प्रतीचा माल हवा होता. तांड्याची बलस्थाने तीच राहिली. बाजाराने मोजमाप बदलले.

१८/
मोजमाप बदलणारी सत्ताही आली. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे रेल्वे धावली होतीच. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव गगनाला भिडले, तेव्हा रुळ अजून नागपूरला पोहोचायचे होते. जीआयपी रेल्वे नागपुरात आली ती १८६७ मध्ये. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली.

१९/
रुळाचे गणित पाहा. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेव्हा हजार किलोमागे दोनेक किलोचा जोर पुरतो. चांगल्या सडकेवरच्या बंडीच्या पंधराव्या हिश्श्याइतका. तरी वाफेचे इंजिन स्वतः मोठे उधळे होते. कोळशातल्या उष्णतेचा दहावा भागही ते चाकापर्यंत पोहोचवत नसे. मात्र त्याचे अन्न जमिनीखालून येत होते. १८७० च्या दशकात चांदा जिल्ह्यात वरोऱ्याची खाण चालू झाली. पाऊस पडो न पडो, कोळसा सुकत नाही. दुष्काळात न मरणारे वाहन प्रथमच अस्तित्वात आले. त्याने धान्य आणले, आणि भाव असेल तिकडे नेलेही.

२०/
येथे एक गंमत ध्यानात घ्यावी. रेल्वेने लादणीचा बैल हटवला, पण बंडीला मात्र बळ दिले. गावापासून जिनिंगपर्यंत आणि जिनिंगपासून स्टेशनापर्यंत माल पोहोचवायला कोणीतरी हवे होते. अंतर लहान, खडीची नवी सडक टणक, रात्री बैल घरच्या गोठ्यात. बंडीला हव्या असलेल्या साऱ्या अटी एकाच पिढीत पूर्ण झाल्या. चाक तेच, बैलही तेच. खालची जमीन बदलली. सडक बांधणे म्हणजे एका वाहनाच्या बाजूने कौल देणे होय, आणि तो कौल सरकारी तिजोरीतून दिला गेला.

२१/
तांड्याला दुसऱ्या बाजूनेही घेरले गेले. कापसाला भाव आला तशी पडीक राने नांगराखाली गेली. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगले राखीव होऊ लागली. जिथे बैल फिरत चरत होते तेथे परवाना आणि दंड आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या जमातींच्या हालचालींवर पहारा बसवला आणि बंजारा समाजाचे काही गटही त्याच्या कक्षेत आले. ज्याचे इंधन वाटेवरच्या गवतात आणि ज्याचे काम सतत चालण्यात, त्याचे गवत बंद करून चालणेच संशयास्पद ठरवल्यावर स्पर्धा उरतच नाही.

२२/
म्हणून 'तांडे मागे पडले' या वाक्याची फोड करावी लागते. लांब पल्ल्यात, ठरावीक वेळेत, दुष्काळातही माल नेण्यात रेल्वे निःसंशय वरचढ होती. तिच्याविना चाळीस-पन्नास हजार बैलांचेही काम भागले नसते. पण सडक, रुळ आणि राखीव जंगल हे तीन निर्णय घेतले गेले नसते, तर आडवाटेच्या मुलखात लादणीचा बैल आणखी कैक वर्षे सर्वांत स्वस्त वाहन राहिला असता. तो त्याच्या भूमीवर कार्यक्षमच होता. त्याची भूमी काढून घेतली गेली.

२३/
पुढे तांडा हा शब्द उरला, पण अर्थ बदलला. चालणारा काफिला गावाबाहेरची वस्ती झाला. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत गणला जाऊ लागला. याच समाजातून, पुसद तालुक्यातून आलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकराहून अधिक वर्षे राज्याचे मुख्यमंत्री होते. दुसरीकडे मराठवाड्यातील कितीतरी बंजारा कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडतात. तेथे पुष्कळ ठिकाणी कारखान्याकडे जाणारा ऊस आजही बैलगाडीतच असतो.

२४/
आणि हिंगणा? २८ जानेवारी २०२० पासून नागपूर मेट्रोची अ‍ॅक्वा मार्गिका सीताबर्डीहून हिंगणा रस्त्याने लोकमान्यनगरपर्यंत धावते. पोलादी चाक, पोलादी रुळ, किमान रोध. पण विदर्भात शेताकडे जाणारी पांदण अजून मातीचीच असेल, तर पावसाळ्यात ट्रॅक्टरदेखील त्याच काळ्या जमिनीत रुततो आणि खताचे पोते माणसाच्या डोक्यावरून शेतात जाते. पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारला २०२१ मध्ये स्वतंत्र योजना काढावी लागली.

२५/
तेव्हा जुन्या वाहनाकडे पाहताना 'किती वेगवान' एवढेच विचारून थांबू नये. ते कोणत्या जमिनीवर चालत होते, त्याचा चारा कोण पुरवत होते आणि ती जमीन व तो चारा पुढे कोणाच्या हाती गेला, हेही विचारावे. जुन्या नोंदींत, गॅझेटियरांत, गावच्या नकाशांत गायरान, पडीक, पांदण, उतार असे शब्द सापडतात. नकाशा वाचताना डोळे त्यांच्यावरून सहज घसरून जातात. एके काळी या प्रदेशाची सारी वाहतूक त्याच शब्दांवर उभी होती.

थ्रेड समाप्त.